कच्चा पट

३ फेब्रुवारी, सोमवार

डोकं इतकं तापलंय की घरी आल्यावर पाणीसुद्धा न पिता ही वही उघडली. विभागीय कार्यालयाचं पत्र आलं. चार ओळींचं. २८ फेब्रुवारीला ज्या बालशाळेच्या पटावर तीसपेक्षा कमी मुलं असतील, ती शाळा एप्रिलपासून बंद. मुलं हमरस्त्यापलीकडच्या मोठ्या शाळेत पाठवायची. आमचा पट बावीस. म्हणजे आठ कमी.

एकोणीस वर्षं मी या दोन खोल्यांच्या सरकारी बालशाळेची मुख्याध्यापिका आहे. मुख्याध्यापिका म्हणजे काय, तर मी, मावशी आणि मागचा गळका नळ. मावशी खोल्या झाडते, नाकं पुसते, मुलांना शी-शूला नेते. बाकी सगळं माझ्या डोक्यावर. आणि आता हे.

पत्राला एक तक्ताही जोडलाय. मुलाचं वय, घरची भाषा, आईवडिलांचं काम, राहण्याचा पत्ता कायमचा की तात्पुरता. तीन ते सहा वर्षांची मुलं! त्यांचं काय कायमचं असतं? दुपारी पडलेला दातसुद्धा संध्याकाळी सापडत नाही.

मावशी म्हणाली, "बाई, बावीस कसे? सकाळी चपला लावल्या मी, तेहतीस जोड होते."

"चपला मोजून पट होत नाही, मावशी. कच्चे धरायचे नसतात."

तिला दर वर्षी सांगावं लागतं. ज्यांच्याकडे जन्मदाखला नाही त्यांना मी हाकलून देत नाही, बसू देते. एवढं तरी कोण करतं? त्यांची नावं वेगळ्या वहीत पेन्सिलीने लिहिते. तो कच्चा पट. दाखला आणला की पक्क्या पटावर, शाईने. माझ्या आधीच्या बाईंनी हीच पद्धत शिकवली होती, आणि माझा पट आजवर कुणी तपासून एक खाडाखोड दाखवावी. सध्या कच्चे अकरा आहेत. बहुतेक सगळे समोरच्या उंच इमारतीच्या बांधकामावरच्या लोकांचे. आज आहेत, उद्या नाहीत.

पंचवीस दिवसांत आठ मुलं आणायची कुठून?

५ फेब्रुवारी, बुधवार

शाळा सुटल्यावर मागच्या नव्या वसाहतीत गेले. चौदा दारं वाजवली. पायाचे तुकडे पडले.

तिसऱ्या मजल्यावरच्या बाईने साखळी न काढता फटीतूनच सांगितलं, "आमची व्हॅनने जाते." पाचव्या मजल्यावरच्या गृहस्थांनी मला बसवून सरकारी शिक्षणाचं कसं वाटोळं झालंय ते अर्धा तास समजावलं, आणि त्यांना नातवंडंच नाहीत! एका तरुण आईने विचारलं, "तुमच्याकडे कम्प्युटर आहे का?"

म्हटलं, "आहे की. मुलं त्यावर चढून खिडकीतून बाहेर बघतात."

तिने दार लावून घेतलं. घरी ह्यांना सांगितलं तर हे हसत सुटले. "अगं, तू मुलं आणायला गेली होतीस की भांडायला?" निवृत्त माणसाला हसायला काय जातंय. दिवसभर शब्दकोडं घेऊन बसायचं आणि मी आले की टोमणे मारायचे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज दोनदा डोकं फिरलं.

पहिलं हजेरीच्या वेळी. मी पक्क्या पटावरची बावीस नावं घेते, मुलं हात वर करून "हजर" म्हणतात. कच्च्यांची नावं अर्थातच घेत नाही. त्यातली एक आहे, एवढीशी, आम्ही तिला मुंगी म्हणतो. बांधकामावरच्या पहारेकऱ्याची नात. दोन वर्षं झाली येतेय. बाविसावं नाव झालं की ही उठते, दोन्ही हात वर करते आणि ओरडते, "हजर!" रोज. मुलं फिदीफिदी हसतात, वर्गाची शिस्त जाते. कितीदा सांगितलं, तुझं नाव घेतलं नाही, खाली बस. बसते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

दुसरं, ती शिलाईवाली. नाक्यावरच्या कपड्यांच्या कारखान्यात मशीनवर असते. तिची जुळी आहेत, मुलगा आणि मुलगी, पावणेचार वर्षांची. जूनमध्ये आली तेव्हा दाखलेच नव्हते. जानेवारीत आली ती इस्पितळाचं कार्ड घेऊन, ते चालत नाही. आज तिसऱ्यांदा आली, कामावरून अर्धी सुट्टी घेऊन म्हणे, आणि खरंच दोन दाखले आणले. बघते तर नावाचा रकाना कोरा! एकावर नुसतं 'मुलगा', दुसऱ्यावर 'मुलगी'.

म्हटलं, "अहो, यावर नावच नाही. कुणाचा दाखला म्हणायचा हा?"

"यांचाच की, बाई. जन्मले तेव्हा नावं ठेवली नव्हती ना."

"मग कार्यालयात जाऊन घालून आणा."

 दोन्ही पोरं तिच्या ओढणीचं एकेक टोक धरून माझ्याकडे बघत होती. तिने दाखले घडी करून पिशवीत ठेवले आणि ती गेली. इकडे मी आठ मुलांसाठी लोकांचे जिने चढतेय आणि या बाईला एक साधं नाव घालून आणता येत नाही. लोकांनाच नको असेल तर मी एकटी कुठे कुठे पुरी पडू?

११ फेब्रुवारी, मंगळवार

साहेब येऊन गेले. तपासणीचे साहेब, ज्यांना आम्ही शेरेबहाद्दर म्हणतो, कारण येतात, चहा नको म्हणतात, भेटवहीत शेरा मारतात आणि जातात. मावशीने त्यांची गाडी वळणावरच पाहिली. पटावर नसलेली मुलं वर्गात सापडली तर माझीच चौकशी लागणार, म्हणून घाईघाईने अकराही कच्च्यांना मागच्या अंगणात टाकीच्या आड पाठवलं. मावशीला सांगितलं, अळीमिळी गुपचिळी खेळा, जो बोलेल तो बाद.

साहेबांनी वर्गभर नजर फिरवली. "मुलं फारच कमी दिसतात हो."

"प्रयत्न चालू आहेत, साहेब. घरोघरी जातेय."

"पण मुलंच नसतील या भागात तर शाळा ठेवून करायचं काय?"

तेवढ्यात मागून कुणीतरी खुदकन हसलं आणि मग चार-पाच जण एकदम. साहेबांनी मान वळवली. "मागे कोण आहे?"

"शेजारची मुलं असतील," मी म्हटलं.

शेरा असा: 'वर्ग शांत व स्वच्छ. नोंदवही नीटनेटकी. पट असमाधानकारक.' नोंदवही नीटनेटकी म्हणाले, हे तरी लिहिलं. निभावलं एकदाचं.

मावशी मात्र दिवसभर तोंड पाडून होती. सुटताना म्हणाली, "मुंगी विचारत होती, आपण शेजारची का म्हणून."

"मग? काय सांगितलंस?"

"काय सांगणार? गप्प बसले. अळीमिळी गुपचिळीच चालली होती ना."

मावशीला उगाच कशाचंही मनाला लावून घ्यायची सवय आहे.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

हाताने चोवीस पत्रकं लिहून दुकानांत लावली. 'मोफत, प्रेमळ, सुरक्षित.' दोन फोन आले. एकाने विचारलं, शिकवणी घेता का. दुसऱ्याला खोली भाड्याने हवी होती.

१७ फेब्रुवारी, सोमवार

कच्च्यातली पाच मुलं आज आलीच नाहीत. त्यांच्या आईबापांचं काम संपलं, शनिवारीच दुसऱ्या गावच्या कामावर ट्रकने गेले म्हणे. हे बघा! म्हणूनच मी शाईने लिहीत नाही. ह्यांना म्हटलं, आपण जीव लावायचा आणि ही माणसं न सांगता चालती होणार.

हे म्हणाले, "सांगायचं कुणाला? तुझ्या वहीत ती होतीच कुठे?"

मी जेवणावरून उठले. माझीच माणसं माझ्यावर उलटतात तेव्हा फार लागतं.

वर्ग मोकळा मोकळा वाटला, हेही लिहून ठेवते. रंगकामाला कागद पुरले आणि तरीही मजा आली नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

पट बावीसच. आज ज्याच्यावर ओरडले नाही असं एकही माणूस उरलं नाही. दूधवाल्यावरसुद्धा.

२४ फेब्रुवारी, सोमवार

हे कसं लिहू कळत नाही. जसं झालं तसं लिहिते.

साहेबांना विनंतीअर्ज करायचा म्हणून जुन्या परिपत्रकांची फाइल घरी आणली. शाळा कोणत्या वर्षी सुरू झाली ती तारीख हवी होती. माझा चष्मा शाळेतच राहिला, म्हणून हे वाचून दाखवत होते. एकेक कागद चाळता चाळता ह्यांचा आवाज थांबला. मग म्हणाले, "अगं, हे ऐक."

पाच वर्षांपूर्वीचं परिपत्रक. ह्यांनी पुन्हा वाचून दाखवलं, शब्द न शब्द उतरवते. 'सहा वर्षांखालील बालकाचा जन्मदाखला नसल्यास किंवा अपूर्ण असल्यास पालकांनी सही अथवा अंगठा करून दिलेले लेखी निवेदन पुरेसे मानावे. कागदाअभावी कोणत्याही बालकास पटावर घेण्याचे नाकारू नये.'

खाली माझी सही. सहीच्या वर माझ्याच अक्षरात: 'वाचले.'

मी वाचलं नव्हतं. अशी नऊ-नऊ परिपत्रकं एकदम येतात, शिपाई दारात घाई करत उभा असतो, आपण 'वाचले' लिहून सही ठोकतो. सगळेच तसं करतात. मी ह्यांना म्हटलं, "एवढी महत्त्वाची गोष्ट कुणी तोंडी सांगायला नको?"

हे चष्मा काढून पुसत बसले. एरवी इतकं बोलतो हा माणूस, आज दोन शब्द टाकून बोलला असता तर बरं झालं असतं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

कार्यालय उघडल्या उघडल्या कारकुनाला फोन केला. वाटत होतं, तो म्हणेल की नियम रद्द झाला. तो म्हणाला, "मॅडम, हे तर जुनं झालं. सगळीकडे निवेदनावरच घेतात. तुमच्याकडे नाही घेत?"

"घेतो की," मी म्हटलं. खोटं बोलले.

दुपारी कोरे कागद आणि शाईचा पॅड घेऊन बांधकामावर गेले. समोर आहे, वीस पावलांवर, आणि काम सुरू झाल्यापासून मी एकदाही त्या फाटकातून आत गेले नव्हते. पत्र्याच्या खोल्यांपैकी निम्म्या उघड्या पडलेल्या. ट्रक कोणत्या गावाला गेला ते मुकादमालासुद्धा नीट सांगता येईना. त्या पाच मुलांचे आईबाप आता कुठे शोधायचे? उरलेल्या सहाही घरांनी सही-अंगठे दिले. कुणी विचारलंसुद्धा नाही, बाई, आजच का आलात.

विचारलं फक्त मुंगीच्या आजोबांनी. पहारेकरी आहेत, एक पाय अधू, काठीवर चालतात. इमारत झाली तरी राखणीला ते राहणार आहेत. अंगठा देऊन झाल्यावर म्हणाले, "म्हणजे इतके दिवस हिचं नाव नव्हतं होय?"

"कच्चं होतं," मी म्हटलं.

"हिनं तर सांगितलं, आजोबा, मी रोज हजर म्हणते म्हणून."

मला तिथं उभं राहवेना. पॅडचं झाकण सापडत नव्हतं, ते शोधत बसले.

२६ फेब्रुवारी, बुधवार

सहा नावं शाईने लिहिली. पट अठ्ठावीस. आज हजेरीत तेविसाव्या नंबरला मुंगीचं खरं नाव घेतलं. ती बघतच राहिली. स्वतःचं नाव तिला नीट ओळखूच येईना. मावशीने मागून ढोसलं तेव्हा कुठे "हजर" म्हणाली, आणि तेही हळूच.

अजून दोन हवीत. आणि दोन म्हटल्यावर मला काय आठवलं असेल ते सांगायला नको.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

मधल्या सुट्टीत मावशीवर वर्ग सोपवून कपड्यांच्या कारखान्यात गेले. चाळीस मशीनचा गोंगाट, हवेत नुसता कापसाचा भुगा. शिलाईवाली दुसऱ्या रांगेत होती. मला पाहून उठून उभी राहिली, हातातली बाही तशीच मशीनच्या सुईखाली.

मी घाईघाईने सगळं सांगितलं. दाखल्यावर नाव नसलं तरी चालतं, नुसतं लिहून द्या, आत्ता इथेच सही करा, मी कागद आणलाय.

ती म्हणाली, "बाई, त्यांना घातलं मी शाळेत. मोठ्या शाळेत, रस्त्यापलीकडे. दहा तारखेला."

"दाखल्याचं काय म्हणाले ते?"

"काही नाही. नावं विचारली आणि लिहिली. पाच मिनिटं लागली."

मी हट्टाला पेटले. म्हटलं, ती शाळा लांब, वर्गात पन्नास मुलं, इथे घराजवळ आहे, मी जातीने लक्ष देईन. शेवटी सरळ सांगून टाकलं की तुमची दोन आली नाहीत तर आमची शाळा बंद पडेल.

तिने शांतपणे ऐकून घेतलं. चिडली असती तर मला बोलता आलं असतं, भांडायला मी कमी नाही. ती म्हणाली, "तुमची शाळा जवळ होती म्हणून तर तीनदा आले, बाई. आता तिथे रोज हजेरीला दोघांची नावं घेतात. घरी येऊन एकमेकांची हजेरी घेतात, खेळतात तसंच. आता नाही काढायची मला."

मग रांगेच्या टोकाकडून देखरेखवाला ओरडला आणि ती खाली बसली. मी कागद घडी करून पिशवीत घातला.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

पट अठ्ठावीस. तोच पाठवला.

पाठवण्याआधी मावशी जवळ येऊन म्हणाली, "बाई, ती पाच गेली ना, त्यांच्या आयांच्या नावाने मी देते अंगठे. कोण बघतंय? मुलं तर खरी होती."

खरंच, मुलं खरी होती. चौदा तारखेपर्यंत इथं बसत होती. तेव्हा लिहिली असती तर आज तेहतीस. हात पॅडपर्यंत गेला होता माझा. मावशीचीही नोकरी जाणार आहे, पंधरा वर्षांची, तेही डोळ्यांपुढे होतं. पण खोटे अंगठे काही जमले नाहीत. मावशी म्हणाली, "ठीक आहे बाई," आणि फरशी पुसायला गेली. आज दोनदा पुसली.

१२ मार्च, बुधवार

पत्र आलं. शाळा बंद. 'निकष पूर्ण होत नसल्याने.' शेरेबहाद्दरांना फोन केला, नियम वाचून दाखवला, रडकुंडीला आले. ते म्हणाले, "बाई, मी स्वतः येऊन गेलो. तेव्हा अकरा मुलं जास्त होती म्हणता, मग मला दिसली कशी नाहीत?"



आजोबांना सांगायला गेले. त्यांनी काठीवर दोन्ही हात ठेवून हमरस्त्याकडे पाहिलं. तिथे सिग्नल नाही, पूल नाही, चार पदरांवर गाड्या धावतात. म्हणाले, "माझ्या या पायानं ते काही व्हायचं नाही, बाई. हिचा बाप आला की बघू. पुढच्या वर्षी." मुंगी त्यांच्या मागे उभी राहून माझ्या पदरावरची फुलं मोजत होती, एक, दोन, पाच, चार. मीच शिकवलेले आकडे.

२८ मार्च, शुक्रवार

शेवटचा दिवस. अठ्ठावीस मुलं आतल्या खोलीत मावशीबरोबर गाणी म्हणत होती, बेसूर, पण छप्पर उडेल अशी. कारकून किल्ल्या आणि नोंदवह्या ताब्यात घ्यायला आला. फोनवरचाच तो, तरुण मुलगा, फार अदबीने वागला. एक छापील नमुना पुढे केला. 'शाळा बंद होण्याचे कारण', खाली तीन चौकोन. इमारत धोकादायक. शिक्षक उपलब्ध नाही. मुले उपलब्ध नाहीत.

"तिसऱ्यावर खूण करा, मॅडम."

आतून मुलांचा आवाज येतच होता. मी पेन घेऊन बसून राहिले. त्याला वाटलं मला दिसत नाही, त्याने बोट ठेवून चौकोन दाखवला. मी खूण केली नाही. खाली लिहायला लागले, ओळ संपली तेव्हा कागद उलटवून मागे लिहिलं: 'मुले होती. अकरा जणांना मी नियम न वाचल्यामुळे वेळेवर पटावर घेतले नाही. दोघांना तीन वेळा दारातून परत पाठवले.' खाली सही, शिक्का.

तो घाबरला. "मॅडम, असं कुणी लिहीत नाही हो. हे तुमच्यावर येईल."

"येऊ दे."

त्याने वाचलं, पुन्हा वाचलं. मग म्हणाला, "असं लिहिलंत तर नावं जोडावी लागतील. नाहीतर वर विचारतील, कोणती मुलं म्हणून."

बरोबर बोलला. पेन्सिलीची वही उघडली आणि अकराही नावं शाईने उतरवली, गेलेल्या पाचांचीही.  मग बारावा आकडा घातला आणि थांबले. तो वाट बघत होता. म्हणाला, "पुढची दोन?"

"जुळी आहेत," मी म्हटलं. "एक मुलगा, एक मुलगी."

"नावं, मॅडम?"

ती मला माहीत नव्हती. तिन्ही वेळा ती पोरं माझ्यासमोर उभी होती, आणि मी त्यांना नाव विचारलंच नव्हतं.